बोटाने खांड बुजत नाही

वर्गात गोष्ट सांगणे हा मास्तरांचा हक्क आणि ती खरी मानणे हे मुलांचे कर्तव्य, असा आमच्या धंद्यातला जुना संकेत आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गाने तो मोडला.

गोष्ट तुम्हा-आम्हा सर्वांच्या परिचयाची. हॉलंड देशातला एक मुलगा संध्याकाळी घरी परतत असतो. समुद्राच्या बांधाला पडलेले एक लहानसे भोक त्याला दिसते. भोक मोठे झाले तर गाव बुडेल, हे जाणून तो त्यात आपले बोट घालतो आणि थंडीत कुडकुडत रात्रभर तसाच बसून राहतो. सकाळी माणसे येतात आणि गाव वाचतो. ही गोष्ट मी नेहमीप्रमाणे आवाज चढवून, उतरवून, शेवटी डोळे किंचित ओले करून सांगितली आणि आता मुले गहिवरली असतील अशा अपेक्षेने वर पाहिले. मुले हसत होती!

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, बोटानं खांड बुजत नाय. एकला मानूस बसून काय करील? हाक मारायची, जोळाला बोलवायचं."

माझी शाळा खारेपाटातली. अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खाड्यांकाठी समुद्रापासून बांधून काढलेली जी सपाट भातशेती पसरली आहे, तिला खारेपाट म्हणतात. भरतीच्या पाण्याने बांध फुटून पडलेले भगदाड ती खांड, आणि बांधाची निगा राखणारी शेतकऱ्यांची जूट तो जोळ. ही दोन्ही नावे त्या पोरांनी आईच्या दुधाबरोबर घेतली होती. मी मात्र घाटावरचा. बांधाविषयी मला जे ठाऊक होते ते पुस्तकातले.

त्या दिवशी घरी जाऊन मी गोष्टीचा माग काढला आणि मुले हसली ते योग्यच झाले असे मला कबूल करावे लागले. ती गोष्ट मुळात डच नाहीच! मेरी मेप्स डॉज नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'हान्स ब्रिंकर' या पुस्तकामुळे ती जगभर झाली, आणि पुस्तक लिहिताना बाईंनी हॉलंड पाहिलेलेही नव्हते. पुढे परदेशी प्रवासी त्या मुलाचा पत्ता विचारत येऊ लागले, तेव्हा स्पारन्दाम या गावी १९५० साली त्याचा एक पुतळा उभारण्यात आला. ज्या लोकांनी शेकडो वर्षे समुद्राशी दावा मांडला, त्यांच्या नावावर जगाने एक बोट जमा करून टाकले. बांध एका शूर माणसामुळे टिकतो, हे समुद्र न पाहिलेल्यालाच सुचणार!

मग बांध टिकतो तरी कशाने? या प्रश्नाने मला पुढे बरेच हिंडवले आणि अखेर कमरेएवढ्या चिखलातही उभे केले. त्याचीच ही हकिगत.

प्रथम खारेपाटाचा बांध कसा असतो ते सांगितले पाहिजे. खाडीच्या कडेने चिखलमातीचा एक लांबच लांब बांध घातलेला असतो. पायथ्याशी रुंद, माथ्याशी अरुंद, आणि पाण्याच्या बाजूला सावकाश उतरता, म्हणजे लाट आपटण्याऐवजी चढून दमते. जिथे मारा जास्त तिथे या उतारावर दगड बसवतात. बांधाबाहेर चिखलात तिवरांची दाट झाडी असते. लाटेचा पहिला तडाखा ती घेते, म्हणून जुनी माणसे तिवराला बांधाचा थोरला भाऊ मानतात. आतल्या पावसाच्या पाण्याला मात्र बाहेर जायला वाट हवी. त्यासाठी बांधात दगडी मोरी बांधून तिच्या तोंडाशी लाकडी झडप लावतात, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप उघडते, भरतीला बाहेरच्या रेट्याने आपोआप मिटते. दिवसातून दोनदा उघडणारा आणि दोनदा मिटणारा हा दरवाजा शेकडो एकरांचे रक्षण करतो, आणि त्याला पगारी पहारेकरी लागत नाही.

या बांधांचे शत्रूही ठरलेले. उधाणाच्या लाटा हा उघड शत्रू. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठ्या भरतीची उंची मुंबईच्या कोष्टकात ४.५ मीटरच्याही वर जाते आणि त्यात पावसाळी वारा मिळाला की पाणी माथ्यावरून झेप घेते. पण गुप्त शत्रू अधिक घातकी. खेकडा बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपते, झिरपता झिरपता मातीचे कण घेऊन जाते, आणि बोटाएवढ्या वाटेची रात्रीतून बैलगाडीएवढी वाट होते. म्हणूनच बांधाला जागल लागते. बीळ दिसले की त्याच ओहोटीला बुजवायचे. दुसऱ्या भरतीपर्यंत थांबला तो फसला.

आता ही जागल करायची कोणी? खारेपाटाचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. त्या कुलाब्याचे जे गॅझेटियर १८८३ साली निघाले, त्यात शिलोत्री नावाच्या जमिनींची माहिती आहे. समुद्रापासून बांध घालून मिळवलेली जमीन ती शिलोत्री. बांध घालणे हे खर्चाचे काम, म्हणून ज्याने पुढाकार घ्यावा त्याला सरकारने सवलत द्यावी आणि त्याने बाहेरचा मोठा बांध राखावा, अशी रीत होती. या निगेसाठी शिलोत्रीदार कुळांकडून साऱ्याखेरीज जादा धान्य घेई. आतले लहान बांध कुळांनी आपले आपण सांभाळायचे. काही गावी मात्र शिलोत्रीदार असा कोणी नव्हताच. शेतकऱ्यांनीच मिळून जमीन बांधलेली, आणि बाहेरचा बांधही तेच मिळून राखीत.

या दोन रीतींतला फरक कागदावर लहान दिसतो, बांधावर तो फार मोठा ठरतो. एके ठिकाणी धान्य देऊन निगा विकत घेतलेली, दुसऱ्या ठिकाणी निगा हीच मालकी. धान्य घेणारा प्रामाणिक असेल तोवर पहिली रीत चालते. पण धान्य घरी पोचल्यावर बांधाची आठवण राहणे हे मनुष्यस्वभावाला जडच.

खोतीच्या काळात ते फारच जड झाले. जमीन बांधणारे, चिखल वाहणारे हात एकाचे आणि पिकावर हक्क दुसऱ्याचा, या अन्यायाविरुद्ध चरी या गावी १९३३ च्या ऑक्टोबरात आसपासच्या २५ गावांच्या शेतकऱ्यांनी सभा भरवली आणि खोताची जमीन कसायची नाही असा निर्धार केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. हा संप थोडाथोडका नव्हे, १९३९ पर्यंत चालला. उपासमार झाली, पण संप फुटला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला आले, आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा जमिनीचा मालक झाला.

चरीची ही कहाणी मी वर्गात दरवर्षी सांगतो. तिला कोणी हसत नाही, कारण बाकांवर बसलेल्यांचेच पणजे त्या संपात होते.

पण जमीन कुळाच्या नावे लागली, तरी बाहेरचा बांध कोणाच्या नावे लागला? सातबाऱ्यावर प्रत्येकाचा तुकडा आला. बांध हा काही तुकडा नव्हे. तो साऱ्यांचा, आणि म्हणून कोणाचाच नव्हे, अशी स्थिती ओढवण्याचा संभव होता. सरकारला हे दिसले नव्हते असे नाही. मुंबई राज्याने १९४८ सालीच खार जमिनींचा कायदा करून त्यासाठी मंडळ नेमले होते. पुढे महाराष्ट्राने १९७९ साली खारजमीन विकासाचा कायदा केला. ज्या योजना सरकारने हाती घेतल्या, त्यांच्या बांधांची निगा सरकारकडे आली. ज्या घेतल्या नाहीत, त्या खाजगी राहिल्या. म्हणजे आजही एखादा बांध सरकारी आणि त्याच्या शेजारचा खाजगी, असे होऊ शकते. समुद्राला यातला फरक अर्थातच ठाऊक नाही.

हाच प्रश्न इतरांनी कसा सोडवला, हे पाहावे म्हणून मी थोडे वाचन केले. जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथे अशा शेतांना खाजण म्हणतात आणि उघाडीला मानस. आजही गोव्यात १७,५०० ते १८,००० हेक्टर खाजणे आहेत असे मोजतात. पोर्तुगिजांचा महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ साली गावकऱ्यांच्या चालीरीती लिहून घेतल्या. तिथल्या लोकपरंपरेप्रमाणे, फार पूर्वी चार माणसे ओसाड जागी आली, त्यांनी ती जमीन लागवडीला आणली आणि त्यांचेच वंशज गावकार झाले, असे त्या लेखात आले आहे. गावकारी ही संस्था बांधाकडे पाहत असे. मानशीतून येणाऱ्या मासळीचा लिलाव होई आणि असे उत्पन्न गावाच्या कामी येई. बांध राखणाऱ्याला बांधानेच पोसावे, ही त्यातली खुबी! पुढे हीच खुबी उलटलीही. मासळीचे मोल भातापेक्षा वाढले, तेव्हा खारे पाणी आत घेण्याचा मोह सुटला. बांध तोच, मानसही तीच, फक्त तिच्याकडे पाहणारी नजर बदलली.

दुसरे उदाहरण खुद्द हॉलंडचे. बोटाची गोष्ट परकी निघाली, पण तिथल्या खऱ्या गोष्टी तिच्याहून बहारीच्या आहेत. तेराव्या शतकापासून त्या देशात बांध आणि पाणी यांचा कारभार पाहणाऱ्या लोकांच्या सभा आहेत आणि त्यांचे वारस आजही निवडणुकीने बसतात. त्या किनाऱ्यावर जुन्या काळी प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा ठरलेला तुकडा येई. आपला तुकडा राखणे ज्याला झेपेनासे होई, तो बांधावर जाऊन आपले फावडे मातीत रोवी आणि मागे फिरे. जो कोणी ते फावडे उपटून हाती घेई, त्याच्याकडे बांधाबरोबर जमीनही जाई. बांध नाही तर जमीन नाही, इतका साधा आणि इतका कठोर तो कायदा होता. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो, कारण आमच्या गावच्या बांधावर त्या वेळी एक फावडे रोवलेलेच होते, आणि ते रोवण्यात माझाही हात होता.

आमचा बांध खाजगी. त्याच्या मोठ्या उघाडीच्या दोन्ही अंगांना काळ्या दगडाच्या भिंती आहेत. त्या बांधाची माती आवरून धरतात, नाहीतर उघाडीच्या प्रवाहाने बांध कडेने खचत जाईल. भिंती जुन्या, चुन्यावाचून नुसत्या दगडावर दगड रचलेल्या. सांध्यांतून गवत आलेले, ओहोटीला त्यांतून पाणी ठिबकते आहे, असे त्यांचे रूप. मला ते भिकार वाटे. एका स्वातंत्र्यदिनाच्या आधी मी उत्साहाने श्रमदान काढले, पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा केली, आणि उजवीकडच्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरून वर गिलावा करून घेतला. भिंत कशी गुळगुळीत, लखलखीत दिसू लागली! त्यावर मुलांनी रंगाने एक सुविचारही लिहिला.

सारा गाव ज्यांना नुसते आजा म्हणतो असे एक वृद्ध शेतकरी तिथे काठी टेकून उभे होते. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, भिंत साजरी झाली. पर तिनं आता घाम कुठून गाळायचा?"

मी हसलो. म्हातारपणचे काव्य आहे, असे मला वाटले.

दोन पावसाळे गेले आणि भिंतीने पोट काढले. खालून तिसऱ्या-चौथ्या थरापाशी ती वीतभर बाहेर आली, आणि सुविचाराच्या मधोमध उभी चीर गेली. मी म्हटले, समुद्राचा मारा जबर आहे. आजा म्हणाले, "दर्यानं नाय ढकलली. ती आतून ढकललेली हाय."

हे मला तेव्हा समजले नाही, पुढे समजले. वाचकांपैकी कोणाची नदीकाठी, ओढ्याकाठी, विहिरीपाशी अशी भिंत असेल तर त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. भरती चढते तेव्हा पाणी बांधाच्या मातीतही मुरते. त्या वेळी भिंतीला बाहेरून पाण्याचा टेका असतो, म्हणून ती स्वस्थ राहते. ओहोटी लागते तेव्हा बाहेरचे पाणी झपाट्याने उतरते, पण मातीतले तितक्या लवकर उतरत नाही. बाहेरचा टेका गेला आणि आतला रेटा राहिला, असा हा भिंतीच्या परीक्षेचा क्षण. सांधे मोकळे असतील तर आतले पाणी ठिबकून जाते. सांधे बुजलेले असतील तर दिवसातून दोनदा तो रेटा भिंतीला बाहेर लोटत राहतो. त्यात पावसाचे पाणी मिळाले की विचारायला नको. पाणकाठची भिंत पुष्कळदा समोरच्या पाण्याने पडत नाही, पाठीमागच्या पाण्याने पडते. मी तिचा घाम बंद केला होता.

पिठोरी अमावास्येच्या उधाणात ती पडली. मध्यरात्रीनंतर कोणीतरी बांधावरून ओरडत आले आणि गावात दिवे लागले. आम्ही पोचलो तो भिंतीचा वरचा अर्धा भाग प्रवाहात गेला होता आणि तिच्यामागची माती ढेकळाढेकळांनी सुटत होती. आमच्या डोळ्यांदेखत खांड दोन पुरुष रुंद झाली. आत भात पोटरीवर आले होते. विजेरीच्या उजेडात काळे पाणी त्या हिरव्या भातात शिरताना मी पाहिले. कोणी काही बोलले नाही. मला तरी कोणीतरी दोन शब्द टाकून बोलावे असे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी अर्ज झाला. बांध खाजगी असल्याचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले. आता पुढे काय होते, हे खारेपाटात लहान मुलालाही ठाऊक आहे. एक वर्ष खारे पाणी आत राहिले तर ते मीठ पावसाने धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. खांड त्याहून अधिक काळ उघडी राहिली, तर भरतीबरोबर तिवराचे बी आत येते, रुजते, आणि चार-पाच वर्षांत शेताचे रान होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ च्या निकालाने राज्यातल्या कांदळवनांना संरक्षण दिले आहे. ते योग्यच आहे, तिवर नसते तर आमचा बांधही नसता. पण बांधाबाहेरचा थोरला भाऊ शेतात येऊन बसला, की त्याला मग हात लावता येत नाही. म्हणजे खांड बुजवायला जो उशीर करील, त्याचे शेत त्याच्या सातबाऱ्यावर राहील आणि समुद्राच्या ताब्यात जाईल.

आजांनी पंचांग मागवले. उधाण अमावास्या-पौर्णिमेचे. अष्टमीच्या पुढेमागे पाण्याचा जोर सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. भरती रोज सुमारे दोन घटका पुढे सरकते. हा सारा हिशेब त्यांनी बोटांवर केला आणि सांगितले, "सप्तमीला हात घालायचा. चतुर्दशीच्या आत खांड बंद झाली पायजे. पुनवेचं पानी कोनाला थांबत नाय."

भाद्रपद शुद्ध सप्तमी! म्हणजे घरोघरी गणपती बसलेले, गौरी आलेल्या. पण याचा एक लाभ असा झाला की मुंबईचे चाकरमानी गावात होते. एरवी म्हाताऱ्यांचा आणि बायकांचा झालेला आमचा जोळ त्या आठवड्यात भरला. घरटी एक माणूस आणि दोन बांबू, असा ठराव गौरीच्या आरतीनंतर झाला. मी शाळेतला खडू-फळा घेऊन पाळ्या मांडल्या. त्या कामात तरी माझा उपयोग होता.

काम ओहोटीच्या चार-साडेचार तासांचे. आधी खांडीच्या दोन्ही तोंडांना बांबू ठोकून पेंढा आणि गोण्या भरून ती आणखी फाटणार नाहीत असे केले. मग समोरासमोर बांबूंच्या दोन रांगा रोवल्या, त्यांना आडवे बांबू बांधले, आणि मधल्या पोकळीत चिखल आणि पेंढा यांचे थर घातले. चिखलाचे विटेसारखे ठोकळे फावड्याने कापायचे, हातोहात पोचवायचे आणि पायांनी तुडवायचे. माती बांधाच्या पायथ्याजवळून काढू लागलो तेव्हा आजा ओरडले, "पाय कापून डोक्याला मुंडासं बांधताव काय?" त्यांचे खरे होते. पायथा पोखरून माथा उंच करणे म्हणजे पुढच्या खांडीचे आमंत्रण.

रांगेत माझ्या एका हाताला मुंबईत बँकेत काम करणारा जावई होता, दुसऱ्या हाताला सातवीतून पुढे गेलेला तोच हसणारा मुलगा. चिखल देताना तो म्हणाला, "गुरुजी, बोट घालताव का?" आणि रांगभर हशा पिकला. त्या हशाने माझ्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी रात्री गौरीच्या जागरणाला सर्वांसमोर उतरवला. गिलावा माझ्या हौसेने झाला, हे मी उभा राहून सांगितले. आजा म्हणाले, "तुमी गिलावा केला, पर आमी दोन वर्सं बघत व्हतो ना? बघनाऱ्याचा पन वाटा हाय." खारेपाटातल्या न्यायाचा तो निकाल मी अजून विसरलेलो नाही.

द्वादशीला शेवटचा थर पडला. पौर्णिमेचे पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली येऊन थांबले, आणि सारा गाव ते पाहायला बांधावर उभा होता. खालच्या पट्टीचे भात गेलेच. वरच्या शेतांचे वाचले.

भिंतीचे काम दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर धरले. गवंडी एक, बाकी आम्ही. फुगलेली भिंत वरून दाबून सरळ होत नाही, ती खालपर्यंत उतरवावी लागते. सिमेंट टाकीने फोडून एकेक दगड मोकळा केला. पाया ओहोटीच्या प्रवाहाने उघडा पडला होता, तो आणखी खोल नेऊन मोठे धोंडे बसवले, आणि त्यांच्यापुढे दगडांची ओळ टाकली, म्हणजे प्रवाहाने तळ उकरला जाऊ नये. नव्या भिंतीचा ओळंबा मुद्दाम सरळ ठेवला नाही, तिला मातीच्या अंगाला किंचित झोक दिला. थोड्या थोड्या अंतरावर लांब दगड आडवे घालून ते आत मातीपर्यंत पोचवले. त्यांना चावीचे दगड म्हणतात, आणि भिंत आणि तिची पाठ यांना ते एकत्र धरतात. भिंतीमागे हातभर रुंदीची दगडगोट्यांची भर घातली, म्हणजे पाणी त्यातून खाली उतरेल पण माती वाहून जाणार नाही. आणि सांधे? ते मोकळे ठेवले. पहिल्या ओहोटीला नव्या भिंतीतून थेंब थेंब पाणी गळू लागले, तेव्हा आजांनी त्याखाली ओंजळ धरली आणि मला बोलावून दाखवली.

त्यानंतर जोळाची वही पुन्हा सुरू झाली आहे. पूर्वी ती होती, मध्यंतरी कोणाच्या तरी माळ्यावर पडली होती. दर उधाणाला दोन घरांची जागल, चुकल्यास बांबू किंवा मजुरी, असा साधा नियम. मुंबईकर मजुरी पाठवतात, गावकरी अंगमेहनत देतात. भांडणे होतात, नाही असे नाही. मागच्या वर्षी तर एकाने वहीच फाडायला घेतली होती. पण जागल चुकली नाही.

आणि माझी गोष्ट? ती मी अजून सांगतो, पण तिच्यामागून दुसरी जोडून देतो. १९५३ सालच्या १ फेब्रुवारीच्या पहाटे हॉलंडवर खरोखरच समुद्र चालून आला. १,८३६ माणसे बुडाली. त्या रात्री एका नदीकाठी, ज्याच्यामागे लाखो लोकांची वस्ती होती असा बांध फुटू लागला. तिथल्या नगराध्यक्षाने आरी एव्हेग्रून नावाच्या नाखव्याला त्याचे मालवाहू जहाज खांडीत घालायला सांगितले. जहाजाचे नाव होते 'दोन भाऊ'. त्याने ते प्रवाहाशी झुंजत भगदाडापाशी नेले आणि दारासारखे आडवे बसवले. बांध वाचला. ही गोष्ट मात्र खरी आहे, तिथल्या लोकांची स्वतःची आहे.

यंदा ती सांगून झाल्यावर मी थांबलो. वर्ग गप्प होता. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग ते जहाज काढून तिथला बांध कोनी बांधला?"

मी म्हणालो, "जोळाने."

ती खाली बसली. तिचे समाधान झाले होते. फळ्यावर त्या आठवड्याची जागल लिहिलेली होती, आणि त्यात दुसरे नाव तिच्या घराचे होते.